भूत उतरवणारा डॉक्टर

चौदा-पंधरा वर्षांच्या वयात गोष्टीतून काय हवे असते? एक एकाकी वाडा, एक अकल्पित मृत्यू, रात्री दुरून येणारा आवाज आणि वाड्याच्या धन्याला मिळालेला जुना शाप. खून कोणी केला याबरोबरच खून माणसाने केला की भुताने, हा प्रश्न पडला म्हणजे पुस्तक हातातून सुटत नाही. अशा गोष्टी जगातल्या बहुतेक भाषांत असतील. पण त्या साऱ्यांत ज्या एका कादंबरीचा दरारा शंभराहून अधिक वर्षे टिकला, ती म्हणजे ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. १९०१ च्या ऑगस्टपासून १९०२ च्या एप्रिलपर्यंत ती लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः छापली गेली. तिचा लेखक सर आर्थर कॉनन डॉईल.

माझी या लेखकाशी ओळख तालुक्याच्या वाचनालयात झाली. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी आणि पंचांग. त्यामुळे भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स हाच माझा पहिला इंग्रज ओळखीचा माणूस. पुढे कॉलेजात आल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून मूळ कादंबरी वाचली आणि मग तिच्या लेखकाचे चरित्रही वाचले. ते कादंबरीहून अधिक गूढ निघाले. ज्या माणसाने कागदावर भुताचे सोंग फाडून दाखवले, तोच माणूस उतारवयात प्रेतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना बसू लागला. हे असे का व्हावे, या प्रश्नाने मला पछाडले. त्याच प्रश्नाच्या पाठीमागे जात हे छोटेसे चरित्र मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

डॉईलचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे, एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. वडील चार्ल्स सरकारी कचेरीत नोकरीला होते. हातात चित्रकला होती, पण त्याच हातात दारूचा पेलाही आला. नोकरी गेली, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांत काढली. घर आई मेरी हिने ओढले. ही बाई गोष्टी सांगण्यात मोठी पटाईत होती. आपल्या कल्पनाशक्तीचे श्रेय डॉईलने पुढे तिलाच दिले. नातेवाइकांच्या मदतीने मुलगा जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकला. तेथून बाहेर पडताना मात्र त्याची चर्चच्या धर्मावरची श्रद्धा उडून गेली होती. ही रिकामी झालेली जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिथे काय येऊन बसले, ते कळेलच.

१८७६ मध्ये तो एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकी शिकू लागला. तेथे जोसेफ बेल नावाचे शल्यविशारद शिकवीत. रोगी दारातून आत आला की त्याच्या चालण्यावरून, हातावरच्या घट्ट्यांवरून, कपड्यांवर लागलेल्या मातीवरून तो कोठून आला आणि काय काम करतो हे ते सांगत. विद्यार्थी थक्क होत. बेलसाहेबांच्या हाताखाली काम करण्याची संधी डॉईलला मिळाली, आणि शेरलॉक होम्सचे बीज तेथेच पडले. शिक्षणाला पैसा हवा म्हणून १८८० मध्ये तो व्हेल माशांची शिकार करणाऱ्या ‘होप’ नावाच्या जहाजावर डॉक्टर होऊन उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेला. १८८१ मध्ये पदवी मिळाल्यावर दुसऱ्या एका जहाजावरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाही जाऊन आला.

१८८२ मध्ये पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावात त्याने दवाखान्याची पाटी लावली तेव्हा खिशात दहा पौंडही नव्हते. रोगी क्वचितच येत. रिकाम्या वेळात तो गोष्टी लिही. १८८६ मध्ये लिहिलेली होम्सची पहिली कादंबरी, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’, प्रकाशकाने सर्व हक्कांसह अवघ्या पंचवीस पौंडांना विकत घेतली आणि १८८७ च्या नाताळ अंकात छापली. १८९१ मध्ये तो व्हिएन्नाला काही महिने डोळ्यांच्या विकारांचा अभ्यास करून आला आणि लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून बसला. तिथेही रोगी फिरकेनात. त्याच वर्षी जुलैपासून ‘स्ट्रँड’मध्ये होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या आणि डॉक्टरकी कायमची मागे पडली. डोळ्यांचे ते ज्ञान मात्र वाया गेले नाही. सोळा वर्षांनी त्याने एका निरपराध माणसाचे आयुष्य सावरले.

होम्स लोकांना वेड लावीत होता आणि डॉईल त्याला कंटाळला होता. आपण ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून ओळखले जावे ही त्याची इच्छा. म्हणून डिसेंबर १८९३ च्या कथेत त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटून मारले. वाचक खवळले, मासिकाच्या वर्गण्या बंद झाल्या. पण डॉईलच्या घरात ते वर्षच मरणाचे होते. वडील त्याच वर्षी गेले. पत्नी लुइझा हिला क्षय झाल्याचे कळले, आणि त्या काळात क्षय म्हणजे मृत्यूचे बोलावणेच. याच वर्षी डॉईल अतींद्रिय गोष्टींचे संशोधन करणाऱ्या लंडनच्या संस्थेचा सभासद झाला. तेव्हा तो शंका घेत चाचपडत होता. दार किलकिले झाले होते, इतकेच.

१९०१ मध्ये फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकार मित्राने त्याला डेव्हन परगण्यातील भुताच्या कुत्र्याची दंतकथा सांगितली. दोघे मिळून डार्टमूरच्या ओसाड माळावर हिंडले. धुके, दलदल, आदिमानवाच्या दगडी झोपड्यांचे अवशेष आणि मैलोन्‌मैल माणसाचा वास नाही, अशी ती जागा. त्यातून जी कादंबरी झाली तिचे कथानक आपल्याकडच्या अनेकांना न वाचताही ठाऊक असेल, कारण १९६२ चा ‘बीस साल बाद’ हा हिंदी चित्रपट तिच्याच सांगाड्यावर उभा आहे.

बास्करव्हिल घराण्यातल्या एका दुष्ट पूर्वजाला एका राक्षसी कुत्र्याने फाडले आणि तेव्हापासून ते भूत घराण्याच्या पाठी लागले, अशी आख्यायिका असते. वयोवृद्ध सर चार्ल्स आपल्या वाड्याच्या आवारात मरून पडलेले सापडतात. अंगावर जखम नाही. चेहरा भीतीने वेडावाकडा झालेला. प्रेतापासून काही अंतरावर अवाढव्य कुत्र्याच्या पावलांचे ठसे. नवा वारस सर हेन्री लंडनला उतरतो, तर हॉटेलातून त्याचा एक कोरा बूट नाहीसा होतो. मग तो परत मिळतो आणि त्याऐवजी जुना, वापरलेला बूट जातो.

मला वाटते, साऱ्या कादंबरीची किल्ली या जुन्या बुटात आहे. होम्स येथेच ओळखतो की हा कुत्रा हाडामांसाचा आहे. भुताला माग काढायला वास लागत नाही, खऱ्या कुत्र्याला लागतो. आणि कोऱ्या बुटाला धन्याच्या पायाचा वास नसतो. शेवटी धुक्यातून तोंडाने आग ओकीत येणारा तो कुत्रा गोळीने मरतो, आणि त्याच्या जबड्यावर फॉस्फरस चोपडलेला आढळतो. त्या कुत्र्याला पोसणारा माणूस कोण, हे येथे सांगून न वाचलेल्यांचा आनंद मी हिरावून घेत नाही. पण एवढे सांगतो की त्याचे लक्ष वारशाच्या जमीनजुमल्यावर असते. भूत दिसले की त्यामागे कोणाचा फायदा आहे ते शोधावे, हे ही कादंबरी मुलांना शिकवते. कोठेही उपदेश न करता शिकवते, म्हणून ते मनात राहते.

१९०२ मध्ये डॉईलला ‘सर’ हा किताब मिळाला. बोअर युद्धात त्याने दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनच्या लष्करी इस्पितळात विषमज्वराच्या रोग्यांची सेवा केली होती आणि ब्रिटिशांची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले होते. साम्राज्याचा तो अभिमानी होता हे झाकण्यात अर्थ नाही. म्हणूनच त्यानंतरची हकिगत अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

मुंबईचे शापुरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी पाद्री झाले. पत्नी इंग्रज. सावळ्या माणसाने आपल्याला धर्म सांगावा हे गावात अनेकांना रुचले नाही. वर्षानुवर्षे निनावी, शिवराळ पत्रे येत राहिली. थोरला मुलगा जॉर्ज शिकून सॉलिसिटर झाला. १९०३ मध्ये त्या पंचक्रोशीत रात्री कोणीतरी घोड्यांची आणि गुरांची पोटे फाडू लागले. अंधारात येऊन जनावरे चिरणारा कोणी दिसत नाही, सापडत नाही. गावात केवढी घबराट पसरली असेल! पोलिसांनी बोट ठेवले ते जॉर्जवर. ऑगस्टमध्ये एक खाणीतले तट्टू जखमी झाले, जॉर्जला पकडण्यात आले, आणि सात वर्षांची सक्तमजुरी झाली. वडिलांनी शपथेवर सांगितले की मुलगा त्या रात्री आपल्याच खोलीत झोपला होता. त्यांचे कोणी ऐकले नाही. दहा हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता त्याला सोडले, पण कपाळावरचा डाग पुसला नाही. वकिलीही गेली.

त्याच वर्षी लुइझा वारली होती आणि डॉईल उदास बसून होता. जॉर्जची कैफियत त्याच्या हाती पडली आणि तो उठला. १९०७ च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. डॉईलला पोहोचायला जरा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांना जवळजवळ टेकलेला आणि तोही तिरका धरलेला. नेत्रवैद्याला लांबूनच कळले की या माणसाला नीट दिसत नाही. असा माणूस काळोख्या रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणे ओलांडून, शेतात उभ्या जनावराला गाठून, पहाऱ्यावरच्या पोलिसांना चुकवून घरी परत कसा येईल? मग एकेक पुरावा त्याने पालथा घातला. जॉर्जच्या कोटावर तट्टाचे केस सापडले म्हणतात, पण तो कोट आणि तट्टाच्या कातडीचा तुकडा एकत्र बांधून नेले होते. बुटांना लागलेला चिखल त्या शेतातला नव्हताच. हे सारे त्याने ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लिहिले. देशभर गवगवा झाला, सरकारने समिती नेमली आणि मे १९०७ मध्ये जनावरे चिरल्याच्या आरोपातून जॉर्जला माफी मिळाली. नुकसानभरपाई मात्र दिडकीचीही नाही, कारण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असे म्हणायला समिती विसरली नाही. पण त्याला वकिली परत मिळाली. आणि इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने उभे राहिले, त्यामागे या प्रकरणाने उठलेले वादळ हे एक कारण होते. सप्टेंबरात डॉईलने जीन लेकीशी दुसरे लग्न केले, तेव्हा समारंभाला जॉर्ज एदलजी आमंत्रित पाहुणा होता.

असाच दुसरा माणूस ऑस्कर स्लेटर. १९०८ मध्ये ग्लासगोत मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला आणि पुढच्या वर्षी या जर्मन ज्यू माणसाला फाशी सुनावली गेली. ती जन्मठेपेवर आली. वागणुकीने तो काही सज्जन नव्हता, पण खुनी नव्हता. डॉईलने १९१२ मध्ये त्याच्यासाठी पुस्तिका लिहिली. पंधरा वर्षे दाद लागली नाही. १९२७ मध्ये तो सुटला आणि १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. ज्यांच्याविषयी शेजाऱ्यांचे मन आधीच कलुषित झालेले असते, त्यांच्या बाजूने पुरावा बोलका करणे, हे होम्सला कथेत जमले आणि डॉईलला प्रत्यक्षात.

आता आयुष्याचा दुसरा भाग. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. पत्नीचा भाऊ सुरुवातीलाच पडला. घराघरांतून तरुण मुले जाऊ लागली. १९१६ मध्ये डॉईलने जाहीर केले की मृतांशी बोलता येते यावर आपला पूर्ण विश्वास बसला आहे. मुलाच्या मरणाने तो खुळावला असे पुष्कळदा लिहिले जाते, पण तारखा तसे सांगत नाहीत. मुलगा किंग्जली १९१६ च्या सोमच्या लढाईत जखमी झाला होता, तो गेला ऑक्टोबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत. पुढच्या फेब्रुवारीत धाकटा भाऊ इनीसही गेला. विश्वास आधी आला होता; दुःखाने त्याला कुलूप घातले. मग बैठका, माध्यमे, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचे व्याख्यानदौरे. शेवटची बारा-चौदा वर्षे आणि मोठा पैसा त्याने यात ओतला.

१९२० मध्ये यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्याने ‘स्ट्रँड’मध्ये खरी म्हणून छापली. १९१७ मध्ये पहिली चित्रे काढताना एक मुलगी सोळा वर्षांची होती, दुसरी नऊ. कागदाच्या पऱ्या कापून त्या टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्यांनी म्हातारपणी, १९८३ मध्ये कबूल केले. ज्या पुस्तकातील चित्रांवरून त्या पऱ्या बेतल्या होत्या, त्यात डॉईलचीही एक गोष्ट होती. बुटावरून कुत्रा ओळखणाऱ्याला या पऱ्या ओळखता आल्या नाहीत.

जादूगार हुडिनी त्याचा स्नेही होता. १९२२ मध्ये अमेरिकेत लेडी डॉईलने हुडिनीच्या मृत आईचा निरोप म्हणून पानेच्या पाने लिहिली. निरोप अस्खलित इंग्रजीत होता, आणि त्या माउलीला इंग्रजी जवळजवळ येतच नसे. हुडिनी तेथे काही बोलला नाही, पण मैत्री तुटली.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटले. माझा थोरला भाऊ तापाने गेला तेव्हा आमची आई वर्षभर दर अमावास्येला एका देवऋषीकडे जात असे. नारळ, कोंबडे, दक्षिणा. मजुरीचे पैसे असे गेले. देवऋषी घुमू लागला की भावाच्या आवाजात बोले. आम्ही भावंडे आईला बये म्हणतो. तो आवाज तिला माते म्हणे. तिला हे कळत नव्हते असे नाही. तिला ऐकायचे होते. त्यामुळे पऱ्यांच्या छायाचित्रांवरून डॉईलला हसणाऱ्यांत मला बसता येत नाही. देवऋषीला मात्र मी क्षमा करू शकत नाही. फॉस्फरस चोपडणाऱ्याच्याच जातकुळीचा तो. कादंबरीतल्या गुन्हेगाराने भीतीचा व्यापार केला, याने शोकाचा.

आणि आता या चरित्रातले खरे गूढ. परलोकावर इतका विश्वास बसूनही डॉईलने शेरलॉक होम्सला त्या वाटेने नेले नाही. १९२४ मध्ये, म्हणजे स्वतः बैठकांमध्ये गुंतलेला असताना, त्याने रक्तपिपासू वेताळाची म्हणून भासणारी ससेक्सची कथा लिहिली. आई आपल्याच तान्ह्या बाळाचे रक्त पिते असे सगळ्यांना वाटते. होम्स भुताखेतांची गोष्ट पहिल्या पानावरच झटकून टाकतो आणि घरातल्या घरात, माणसाच्या मत्सरात, कारण शोधून काढतो. लेखकाने स्वतःच्या दुःखासाठी जी सूट घेतली, ती आपल्या पात्राला दिली नाही. मला यात ढोंग दिसत नाही. आपल्याला जे सांभाळता आले नाही ते त्याने कागदावर सांभाळून ठेवले, असे मला वाटते. स्लेटरची शिक्षा रद्द झाली तेही याच वर्षांत. दुसऱ्यावरील अन्याय समोर आला की त्याचे डोळे पूर्वीसारखेच लख्ख उघडत. मिटत ते स्वतःच्या मृतांपुढे.

७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथील घरी डॉईल वारला. सहा दिवसांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले. व्यासपीठावर पत्नीशेजारी एक खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. माध्यम असलेल्या बाईंनी तो आल्याचे सांगितले. लोकांना दिसली ती खुर्चीच.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी अजून एखादी विहीर, एखादे चिंचेचे झाड, एखादा पडका वाडा कोणाच्या तरी मरणाशी जोडलेला आहे. तेथे कोण मेले, कसे मेले, त्या मरणाने कोणाची जमीन वाढली, हे विचारायचे राहून गेले आणि भुताची गोष्ट मात्र उरली. ती गोष्ट मुलांना जरूर सांगावी; थंडीच्या रात्री तिच्यासारखी मजा नाही. पण गोष्ट संपल्यावर हरवलेल्या जुन्या बुटाचा प्रश्नही त्यांना विचारायला शिकवावे. आणि ज्या घरात मरण ताजे आहे, तेथे हा प्रश्न घेऊन जाताना चपला बाहेर काढून, हळू पावलांनी जावे.